उत्तेजक गोळ्या सोडल्यानंतर प्रकृती कशी सावरावी

मिथाइलफेनिडेट, डेक्सअँफेटामिन, लिसडेक्सअँफेटामिन यांसारखी उत्तेजक औषधे डॉक्टर मुख्यतः एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) आणि नार्कोलेप्सी (दिवसा अनावर झोप येणे) या विकारांसाठी लिहून देतात, आणि योग्य मात्रेत, देखरेखीखाली घेतली तर ती अनेकांना उपयोगी पडतात. हा लेख मात्र ज्यांनी ही औषधे सांगितल्यापेक्षा अधिक मात्रेत, दुसऱ्याच्या नावावरची, किंवा केवळ रात्री जागण्यासाठी, काम उरकण्यासाठी वा वजन उतरवण्यासाठी कित्येक महिने घेतली आणि आता ती थांबवली आहेत अथवा थांबवण्याच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी आहे.

गोळ्या सोडलेला माणूस बहुधा चौथ्या-पाचव्या दिवशीच कामाला बसून आपले लक्ष लागते का हे तपासून पाहतो, ते लागत नाही असे दिसताच घाबरतो, आणि ‘आपला मेंदू कायमचा बिघडला’ असा निष्कर्ष काढून पुन्हा गोळीकडे वळतो. माझ्या मते या टप्प्यावरच्या बहुतेक घसरणींचे मूळ येथे असते. प्रकृती सावरण्याला साधारण एक क्रम आहे: आधी झोप आणि भूक ताळ्यावर येतात, त्यांच्या मागोमाग नाडी, रक्तदाब आणि शरीराची ताकद, त्यानंतर बऱ्याच काळाने गोष्टींतला रस, आणि दीर्घकाळ टिकणारी एकाग्रता सर्वांत शेवटी. जे शेवटी येणार आहे त्याची परीक्षा पहिल्या आठवड्यात घेतली तर नापास होणे ठरलेलेच आहे.

असे का होते, हे थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन ही रसायने सोडतात आणि काम झाल्यावर ती परत आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट ही परत ओढण्याची क्रिया रोखते. अँफेटामिन गटातील औषधे त्याच्याही पुढे जाऊन पेशींत साठवलेले डोपामाइन बाहेर ढकलतात. मोठ्या मात्रेचा हा पूर दीर्घकाळ चालू राहिला की मेंदू स्वतःची संवेदनशीलता कमी करून त्याच्याशी जुळवून घेतो, आणि मग औषध थांबल्यावर नेहमीच्या पातळीचे डोपामाइन त्याला अपुरे पडू लागते. त्यातच झोप आणि अन्न यांची अनेक महिन्यांची थकबाकी शरीरावर साचलेली असते. थकवा ही गोळी जाणवू देत नव्हती, तो नाहीसा करत नव्हती; त्यामुळे सोडल्यानंतरचा गळाठा पुष्कळ अंशी त्या थकबाकीची वसुली असते.

सोडण्याआधी डॉक्टरांना काय सांगावे

औषध तुमच्याच नावाने लिहून दिलेले असेल, तर ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही प्रत्यक्षात किती आणि कसे घेत होता हे खरेखुरे सांगा. एकदम थांबवायचे की मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची, याचा निर्णय औषधाचा प्रकार, मात्रा, कालावधी आणि तुमची मानसिक स्थिती पाहून घ्यावा लागतो, आणि तो इंटरनेटवर वाचून घेण्याजोगा नाही. केवळ उत्तेजक औषध थांबवल्यामुळे शरीराला थेट जिवावरचा धोका सहसा उद्भवत नाही. मात्र रात्री ‘खाली येण्यासाठी’ दारू किंवा अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या शामक गोळ्या नियमित घेतल्या जात असतील, तर चित्र पूर्णपणे बदलते; दारू आणि या गटातील गोळ्या एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, आणि क्वचित जीवही जाऊ शकतो. म्हणून ‘आता सगळेच एका दिवसात सोडतो’ हा संकल्प कितीही उदात्त वाटला तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नये.

याच भेटीत आणखी चार गोष्टी लाज न बाळगता सांगाव्यात: पूर्वी कधी नैराश्य, आत्महत्येचे विचार किंवा बायपोलर विकार (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे आळीपाळीने येणारे झटके) होता का; छातीत दुखणे, धडधड, घेरी यांपैकी काही जाणवले का; गोळ्या कुटून नाकाने ओढल्या किंवा टोचून घेतल्या का; आणि गर्भधारणेची शक्यता आहे का. टोचून घेतल्या असतील किंवा ओढण्याची नळी इतरांबरोबर वापरली असेल, तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या करून घ्याव्या लागतात. डॉक्टर सुनावतील या भीतीने लोक अर्धेच सांगतात आणि मग उपचारही अर्धेच मिळतात. पहिल्या डॉक्टरांनी खरोखरच केवळ उपदेश केला, तर व्यसनावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे.

पहिले दहा दिवस

शेवटच्या गोळीनंतर काही तासांपासून एक-दोन दिवसांत जोरदार घसरण सुरू होते. प्रचंड थकवा, उदासी, चिडचिड, अंग जड होणे किंवा उलट एका जागी बसवत नसणे, अनावर भूक, लांबच लांब झोप आणि त्या झोपेत पडणारी अतिशय ठळक, बहुधा अप्रिय स्वप्ने, ही सारी अपेक्षित लक्षणे आहेत. काहींना झोपेच्या अतिरेकाऐवजी झोपच येत नाही, आणि तेही या अवस्थेत बसते. तीव्र लक्षणे साधारणतः आठवडा ते दहा दिवसांत ओसरू लागतात. सौम्य स्वरूपातली उदासी, थकवा आणि झोपेची घडी विस्कटणे त्यानंतरही काही आठवडे राहू शकते.

या दिवसांत करण्याजोगे फारसे नसते आणि तेच स्वीकारणे अवघड जाते. शक्य असल्यास आठवडाभराची रजा घ्या, महत्त्वाचे निर्णय पुढे ढकला, झोप येईल तेव्हा झोपा आणि उठल्यावर पाणी पिऊन काहीतरी खा. गुंगी असताना वाहन चालवू नका. घरात उरलेल्या गोळ्या ‘अगदी निकडीच्या प्रसंगासाठी’ म्हणून जपून ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण निकडीचा प्रसंग आठवड्यातून दोनदा येतोच. त्या औषधविक्रेत्याकडे किंवा डॉक्टरांकडे परत द्याव्यात आणि गोळ्या देणाऱ्या ओळखीच्या माणसाचा क्रमांकही काढून टाकावा.

या काळातला खरा धोका मनाकडून येतो. घसरणीतली उदासी काही जणांत इतकी गडद होते की आपल्या जगण्याला अर्थ नाही, असे वाटू लागते. म्हणून पहिले दहा दिवस तरी एका विश्वासू माणसाला सर्व सांगून ठेवावे आणि त्याने रोज प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर विचारपूस करावी, अशी व्यवस्था करावी. मरणाचे विचार मनात येऊ लागले, तर ते लक्षणच आहे आणि आपोआप ओसरेल असे म्हणत थांबू नये; त्या माणसाला लगेच बोलवावे, एकटे राहू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला गाठावे. छातीत दुखणे, श्वास लागणे, झटका येणे, शुद्ध हरपणे, किंवा नसलेले आवाज ऐकू येणे व लोक आपल्यावर पाळत ठेवतात अशी खात्री वाटणे, यांसाठीही तसेच करावे. उत्तेजकांमुळे उद्भवलेला भ्रम बहुतेकांत औषध थांबल्यावर काही दिवसांत ते आठवड्यांत निवळतो, परंतु तो निवळतो आहे ना हे डॉक्टरांनी पाहावे लागते.

खाणे आणि वजन

भूक परतली की बहुतेकांना केवळ पोट भरण्याची मुभा हवी असते, आणि ती द्यावी. एक अपवाद मात्र लक्षात ठेवला पाहिजे. ज्याने कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही किंवा ज्याचे वजन फारच उतरले आहे, अशा माणसाने एकदम भरपूर खायला सुरुवात केली, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. बॉडी मास इंडेक्स (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) 18.5 च्या खाली असून पाच दिवसांहून अधिक काळ नाममात्रच खाणे झाले असेल, किंवा वजन कसेही असले तरी दहा दिवसांहून अधिक काळ तसे झाले असेल, तर आहार कसा वाढवायचा हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे; अशा वेळी ते बहुधा थायमिनही (बी-1 जीवनसत्त्व) देतात.

इतरांसाठी नियम सोपा आहे. भूक लागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून दिवसातून तीन वेळा जेवावे आणि मध्ये एक-दोनदा थोडे खावे, कारण भूक-तृप्तीचे संकेत औषधाने दडपून ठेवलेले असतात आणि ते पुन्हा विश्वासार्ह व्हायला काही आठवडे लागतात. प्रत्येक वेळच्या खाण्यात अंडी, दूध, डाळी, मासे यांसारखे काही प्रथिनयुक्त असावे. पहिल्या महिन्यात गोडाची ओढ जबर असते. त्यावर फार पहारा बसवू नये.

वजन वाढेल. यातले बरेचसे वजन शरीराने गमावलेलेच परत घेतलेले असते. पण ज्यांनी गोळ्या मुळात वजनासाठीच सुरू केल्या होत्या, त्यांच्यासाठी हा आकडा पुन्हा गोळीकडे नेणारा सर्वांत सरळ रस्ता ठरतो. अशांनी पहिले तीन महिने घरचा वजनकाटा नजरेआड करावा, वजन केवळ डॉक्टरांकडे करावे, आणि उपाशी राहणे किंवा खाऊन उलटी काढणे असे काही होत असेल, तर तो स्वतंत्र उपचाराचा विषय आहे हे ओळखावे.

झोप

या लेखातली एकच गोष्ट पाळायची असेल तर ही पाळा, कारण पुढचे सर्व काही झोपेवर उभे राहते. पहिला आठवडा-दहा दिवस झोपेला मोकळीक दिल्यानंतर तिला वळण लावायला सुरुवात करावी. झोपण्याची वेळ आपल्या हातात नसते, उठण्याची असते. म्हणून उठण्याची एकच वेळ ठरवून ती सुट्टीच्या दिवशीही पाळावी, मग रात्री कितीही कमी झोप झालेली असो. उठल्यानंतर तासाभरात वीस-तीस मिनिटे बाहेरच्या उजेडात काढावीत. खिडकीतून येणाऱ्या प्रकाशापेक्षा बाहेरचा उजेड, ढगाळ दिवशीसुद्धा, कितीतरी पटीने अधिक असतो आणि शरीराचे घड्याळ त्यावरच लागते. दुपारी डोळे मिटत असतील तर तीनच्या आत, गजर लावून, वीस मिनिटे झोपावे.

अंथरुणात वीस-पंचवीस मिनिटे तळमळत पडण्याची वेळ आली, तर उठून मंद प्रकाशात काहीतरी कंटाळवाणे करावे आणि झोप डोळ्यांवर आल्यावरच परतावे. गोळ्यांच्या काळात अंथरूण हे लॅपटॉप घेऊन जागण्याचे ठिकाण झालेले असते आणि मेंदूने ती सांगड पक्की केलेली असते. ती सुटायला दोन-तीन आठवडे हट्टाने हाच प्रकार करावा लागतो. महिनाभरानंतरही निद्रानाश कायम असेल, तर निद्रानाशासाठीचे बोधात्मक वर्तन उपचार (तज्ज्ञाच्या मदतीने विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याची पद्धत) हा पहिला पर्याय मानला जातो. सवय लावणाऱ्या झोपेच्या गोळ्यांपासून दूर राहावे. एक गोळी सोडून दुसरी धरण्यात काही हशील नाही.

कॅफिनविषयी दोन मते ऐकू येतात. मी मधल्या बाजूचा आहे: चहा-कॉफी एकदम तोडून डोकेदुखी आणि थकव्यात भर घालू नये, पण तिला गोळीची जागाही घेऊ देऊ नये. कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे दुपारी बारानंतर ते टाळावे. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा समजली जाते. तुम्ही तिच्या बरेच खाली राहा. एनर्जी ड्रिंक आणि व्यायामाआधी घ्यायची उत्तेजक चूर्णे पूर्ण बंद.

शरीराची तपासणी आणि हालचाल

उत्तेजकांनी नाडी आणि रक्तदाब दीर्घकाळ चढवून ठेवलेले असतात. पहिल्या महिन्यात डॉक्टरांकडून रक्तदाब, ईसीजी, रक्तातील लोह, बी-12, थायरॉइड, साखर, यकृत व मूत्रपिंड यांच्या तपासण्यांविषयी विचारावे. थकव्याचे खापर सरसकट गोळ्यांवर फोडले की साधा रक्तक्षय मागे राहून जातो. दातही दाखवावेत, कारण कोरडे तोंड आणि दात खाण्याची सवय यांनी त्यांचे नुकसान झालेले असते. मासिक पाळी अनियमित झालेली असल्यास किंवा कामेच्छा हरवलेली असल्यास तेही सांगावे.

ईसीजी ठीक असल्यास आणि डॉक्टरांची हरकत नसल्यास दुसऱ्या आठवड्यापासून चालायला लागावे. सुरुवात दहा मिनिटांची पुरे. पुढच्या दोन महिन्यांत आठवड्याला 150 मिनिटे मध्यम व्यायामापर्यंत पोहोचावे. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले किमान प्रमाण तेवढेच आहे. व्यायाम सकाळच्या उजेडातच केला की झोपेचेही काम होते. गोळ्या घेणाऱ्या माणसाला सर्व काही अतिरेकाने करण्याची सवय असते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दहा किलोमीटर धावून गुडघा दुखावून घेण्याची शक्यता लक्षात ठेवावी.

रस उडालेले महिने

झोप-भूक सुधारल्यानंतर अनेकांना एक विचित्र सपाटी जाणवते. दुःख नसते, पण काहीच चांगलेही वाटत नाही. आवडते संगीत नुसता आवाज वाटते आणि मित्रांच्या गप्पांत आपण पाहुण्यासारखे बसलेले असतो. मेथअँफेटामिन या कितीतरी तीव्र पदार्थाच्या दीर्घ वापरानंतर केलेल्या पेट स्कॅनमध्येसुद्धा (मेंदूतील रसायनांचे काम दाखवणारी तपासणी), डोपामाइन परत ओढणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण एखादे वर्ष किंवा अधिक काळ पदार्थापासून दूर राहिल्यावर पुष्कळ सुधारलेले आढळले आहे. गोळ्यांच्या गैरवापराचा हिशेब तंतोतंत तसाच असतो असे नाही. तरी ही सपाटी काही आठवडे ते काही महिने राहून हळूहळू उतरते, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

या काळात इच्छा होण्याची वाट पाहू नये. काय करायचे ते आदल्या रात्री कागदावर लिहावे, लहान ठेवावे आणि मनात असो-नसो करावे: अर्धा तास कोणाला तरी भेटणे, एक खोली आवरणे, एखादे वाद्य पंधरा मिनिटे हाताळणे. त्यातून मिळालेला आनंद शून्य ते दहापैकी किती, हे नोंदवून ठेवल्यास महिन्याभराने आकडे किंचित सरकलेले दिसतात, जे रोजच्या जाणिवेत दिसत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी जराही हलत नसेल किंवा वाढत असेल, तर नैराश्याचे निदान आणि उपचार करून घ्यावेत. उत्तेजकांच्या व्यसनावर खास मान्यता मिळालेले औषध अद्याप नाही. जे उपाय परिणामकारक ठरले आहेत ते बोलण्याचे आणि वर्तनाचे आहेत: बोधात्मक वर्तन उपचार, आणि तपासणीत औषध न आढळल्यास दर वेळी ठरलेले छोटे बक्षीस देण्याची पद्धत. नंतरची ऐकायला पोरकट वाटते, पण या व्यसनात तिच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कोणत्याही उपायामागे नाही. ‘मेंदूतले डोपामाइन भरून काढणाऱ्या’ पूरक गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. त्यांपैकी काही नैराश्यावरील औषधांबरोबर घातकही ठरतात.

लक्ष, सर्वांत शेवटी

कामावर परतल्यावर जुन्या दिवसांशी तुलना सुरू होते. गोळी घेतलेल्या रात्रीचे काम आठवणीत असते त्याहून साधे होते, हे येथे सांगायला हवे. 2023 साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 40 निरोगी व्यक्तींना मिथाइलफेनिडेट, डेक्सअँफेटामिन, मोडाफिनिल (जागे ठेवणारे आणखी एक औषध) किंवा परिणामशून्य गोळी देऊन गुंतागुंतीची कोडी सोडवायला सांगितली. औषध घेतल्यावर त्यांनी अधिक वेळ आणि अधिक चाली खर्च केल्या, पण त्या चालींची गुणवत्ता घसरली. आपण फार काम करतो आहोत ही भावना आणि प्रत्यक्ष झालेले काम, यांतले अंतर तुमच्या जुन्या फायली उघडून पाहिल्या तरी लक्षात येईल.

दुसऱ्या महिन्यापासून एका वेळी वीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे उठून फिरणे, असे दिवसात तीन-चार वेळा करावे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत आणि जमले नाही तर मागे यावे. कामाची जागा बदलता येत असेल तर बदलावी, कारण ज्या टेबलाशी बसून गोळी घेतली तेच टेबल तलफ जागी करते. तलफ सहसा अर्ध्या तासाच्या आत चढून उतरते. तेवढा वेळ तेथून उठून चालत राहणे आणि कोणाला तरी फोन लावणे पुरेसे असते. मुदती आणि परीक्षा यांच्या आधीचे पंधरा दिवस कॅलेंडरवर ठळक करून त्या काळात डॉक्टरांची वा समुपदेशकाची भेट आधीच ठरवून ठेवावी.

लहानपणापासूनच लक्ष टिकत नव्हते आणि गोळीने पहिल्यांदा डोके शांत झाले, असे असेल तर एडीएचडीची रीतसर तपासणी करून घ्यावी, मात्र झोप स्थिरावल्यानंतर. अपुरी झोप आणि औषध सोडल्यानंतरची मंदता हुबेहूब एडीएचडीसारखी दिसते. निदान झाले तर अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी उत्तेजक नसलेली औषधे उपलब्ध आहेत. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. उत्तेजकच द्यावे लागले, तर दीर्घकाळ हळूहळू परिणाम करणारा प्रकार, थोड्या दिवसांपुरताच साठा, आणि गोळी दुसऱ्या कोणाच्या ताब्यात, या तीन अटी स्वतःहून मागाव्यात.

पाऊल घसरलेच, तर

काही आठवडे दूर राहिल्यानंतर शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते. पूर्वी चालून जाणारी मात्रा आता हृदयाला झेपेलच असे नाही, म्हणून ‘एकदाच, पूर्वीइतकीच’ हा विचार सर्वांत धोक्याचा आहे. एकदा घेतली गेली तर दुसरी घेऊ नये, छातीत दुखणे, ताप, गोंधळ यांवर लक्ष ठेवावे आणि ती उतरवण्यासाठी दारू घेऊ नये. दुसऱ्या दिवशी, पश्चात्तापात वेळ न घालवता, आधीच्या 48 तासांची नोंद लिहावी: किती तास झोप झाली, किती वेळा जेवण झाले, कोणते काम अंगावर होते, कोणाशी बिनसले, गोळी आली कोठून. ती नोंद पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावी आणि भेट लांब असेल तर ती अलीकडे ओढून घ्यावी.